प्रेसिडेंटला अडवणारं कोण होतं, हेही पोरांना शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या बातम्या हल्ली अशा येतात की वाटावं तिथे सरकार नाहीच, एकटा माणूस आहे. ट्रम्पने टॅरिफ लावला, ट्रम्पने करार मोडला, त्याआधी बायडेनने अमुक केलं, ओबामाने तमुक केलं. हेडलाईनला जागा कमी असते, ठीक आहे. पण राज्यशास्त्र नि इंटरनॅशनल रिलेशन्स शिकणारी पोरं पेपरात पण असंच लिहितात, आणि त्यांचा दोष नाही, नोट्सच तशा असतात. एक टेबल, डावीकडे प्रेसिडेंटचं नाव, उजवीकडे त्याची डॉक्ट्रिन (परराष्ट्र धोरणाचं त्याच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र), मन्रो १८२३, ट्रुमन १९४७, मग निक्सन, कार्टर, रेगन, बुश, पाठ करा नि मोकळे व्हा.

माझं एवढंच म्हणणं आहे की त्या टेबलात तिसरा रकाना पाहिजे, की याला अडवू शकणारं कोण होतं, आणि त्याने अडवलं का. तो रकाना भरायला घेतला की अर्धी डॉक्ट्रिन्स वेगळीच दिसायला लागतात. मन्रोचंच घ्या, युरोपने अमेरिका खंडात नव्या वसाहती करू नयेत हे त्याने १८२३ मध्ये जाहीर केलं खरं, पण त्यातला मोठा भाग त्याचा परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्सचा, आणि युरोपला समुद्रावर रोखण्याची ताकद तेव्हा अमेरिकेकडे नव्हती, ब्रिटिश नौदलाकडे होती. नाव मात्र लागलं मन्रोचं.

राज्यघटनेत मामला सरळ आहे. युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा (तिथली संसद, आपला पक्ष नव्हे), सैन्याचा सरसेनापती प्रेसिडेंट, तह करायचा तर सिनेटमधल्या (काँग्रेसचं वरचं सभागृह) हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं पाहिजेत, आणि पैशाची किल्ली परत काँग्रेसकडे. वुड्रो विल्सनला याचा चांगलाच इंगा बसला. पहिल्या महायुद्धानंतर स्वतः पॅरिसला जाऊन बसला, लीग ऑफ नेशन्स (यूएनच्या आधीची जागतिक संघटना) उभी केली, आणि घरी सिनेटने १९१९ च्या नोव्हेंबरात नि परत १९२० च्या मार्चमध्ये व्हर्सायचा तह नापास केला. दुसऱ्या वेळी ४९ विरुद्ध ३५, म्हणजे बहुमत होतं पण दोन तृतीयांश नव्हतं. यात विल्सनचाही वाटा होता, कारण रिपब्लिकन नेता हेन्री कॅबट लॉज याने घातलेल्या अटींसकट तह नको असं त्याने आपल्याच पक्षाच्या सिनेटरांना सांगून ठेवलं होतं, आणि वाटाघाटींना पॅरिसला जाताना एकही सिनेटर सोबत नेला नव्हता. जिद्दी माणूस. पण पोरं लिहितात ‘विल्सनने लीग स्थापन केली’ आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

आता युद्धाचं बघा, कारण खरी गोम इथे आहे. अमेरिकन काँग्रेसने शेवटचं औपचारिक युद्ध कधी जाहीर केलं? जून १९४२, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक दोनदा, अफगाणिस्तान, यातल्या एकाही वेळी तशी घोषणा नाही. कोरियात १९५० मध्ये ट्रुमनने यूएनच्या ठरावाचा आधार घेतला, काँग्रेसकडे मत मागितलंच नाही, आणि त्या लढाईत ३६ हजारांवर अमेरिकन मेले. व्हिएतनामच्या वेळी जॉन्सनने विचारलं, पण कसं, ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दोनदा हल्ला झाला असं सांगून, त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता हे नंतर बाहेर आलं. सैन्य वापरायचा ठराव हाऊसमध्ये (काँग्रेसचं खालचं सभागृह) ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. म्हणजे जॉन्सनने फसवलं हे खरंच, पण काँग्रेसने चार दिवस थांबून चौकशी पण केली नाही, कोरा चेक दिला आणि वर टाळ्या. आणि त्याच वर्षी मे महिन्यात जॉन्सन फोनवर आपल्याच लोकांना सांगत होता की या युद्धातून काही निष्पन्न होईल असं मला वाटत नाही, ती रेकॉर्डिंग्ज आज कोणालाही ऐकता येतात. मग तरी का गेला, तर कम्युनिस्टांपुढे मऊ पडला हा शिक्का घरच्या राजकारणात परवडणारा नव्हता, हे त्यातलं मोठं कारण.

१९७३ मध्ये काँग्रेसला जाग आली, निक्सनचा व्हेटो मोडून वॉर पॉवर्स रिझोल्यूशन पास केलं, सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवा आणि परवानगी नसेल तर ६० दिवसांत थांबवा. कागदावर भक्कम. २०११ मध्ये लिबियावर बॉम्बिंग चालू असताना ते ६० दिवस उलटले, तर ओबामाच्या वकिलांनी सांगितलं की जमिनीवर आपलं सैन्य नाही, आपल्या माणसांना धोका फारसा नाही, तेव्हा हा कायदा इथे लागूच होत नाही. ओबामा स्वतः घटनेचा मास्तर होता बरं का. काँग्रेसने आरडाओरडा केला, पैसे काही बंद केले नाहीत.

आणि २००१ चा ठराव, हल्ला करणाऱ्यांविरुद्ध सैन्य वापरायची परवानगी देणारा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीन दिवसांत मतदान, दोन्ही सभागृहांत मिळून विरोधात मत फक्त एक, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. तो छोटासा ठराव नंतर दोन्ही पक्षांच्या प्रेसिडेंटांनी कुठल्या कुठे नेला, येमेन काय, सोमालिया काय, २००१ साली अस्तित्वातच नसलेल्या संघटनांविरुद्ध सुद्धा तोच वापरला. याला प्रेसिडेंटची ताकद म्हणायचं की काँग्रेसने जबाबदारी झटकणं म्हणायचं? मला दुसरं जास्त पटतं. युद्धाला मत दिलं आणि ते फसलं तर निवडणुकीत जाब द्यावा लागतो, त्यापेक्षा मत देण्याची वेळच न आलेली बरी.

टॅरिफचं तेच. घटनेनुसार आयातकर ठरवणं काँग्रेसचं काम. १९३४ पासून एकेक कायदा करत तिने ते व्हाईट हाऊसकडे सरकवलं, आणि २०२५ मध्ये ट्रम्पने १९७७ चा आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा काढला, जो टॅरिफसाठी आधी कुठल्याच प्रेसिडेंटने वापरला नव्हता. भारतावर ऑगस्टमध्ये २५ आणि वर रशियन तेलासाठी आणखी २५ टक्के लागले तेव्हा आपल्याकडे चर्चा काय, तर ट्रम्पचा स्वभाव, मोदींशी दोस्ती आणि अहंकार. कुठल्या कायद्याखाली लावला हे फार थोड्यांनी सांगितलं, आणि तो कोर्टात का गेला हे त्याशिवाय कळणारच नाही.

उलट बाजू पण आहे. कधी कधी काँग्रेस खरंच अडवते. १९८६ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालायच्या बिलावर रेगनने व्हेटो मारला, काँग्रेसने तो मोडून काढला, तेव्हाचा रेगन म्हणजे लोकप्रियतेत वर असलेला माणूस, तरी त्याच्याच पक्षाचे कितीतरी सिनेटर विरोधात गेले. ओबामाने जानेवारी २००९ मध्ये पदावर आल्या आल्या ग्वांटानामोचा, दहशतवादाच्या संशयितांचा तुरुंग वर्षभरात बंद करायची ऑर्डर काढली, काँग्रेसने कैदी अमेरिकेत हलवायला पैसाच दिला नाही, तो तुरुंग त्याच्या आठ वर्षांत बंद झाला नाही.

आपल्याशी संबंधित गोष्ट तर फारच बोलकी आहे. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर क्लिंटनने निर्बंध लावले असं आपण म्हणतो, पण काँग्रेसने आधीच कायदा करून ठेवला होता की अण्वस्त्र नसलेल्या देशाने चाचणी केली तर निर्बंध लावायचेच, क्लिंटनच्या हातात फारसं काही नव्हतं. आणि मग जुलैमध्ये त्याच काँग्रेसने घाईघाईने शेतमालाच्या कर्जाला त्यातून सूट दिली. का, तर चाचण्या पाकिस्ताननेही केल्या होत्या, निर्बंध त्यांच्यावरही होते, आणि पाकिस्तान गहू घेणारं मोठं गिऱ्हाईक, तिकडच्या गहू पिकवणाऱ्या राज्यांच्या सिनेटरांना ते परवडत नव्हतं. अण्वस्त्रांचं धोरण गव्हापुढे वाकलं. हे कुठल्या डॉक्ट्रिनमध्ये बसवायचं सांगा.

तसंच अणुकरार. बुश आणि मनमोहन सिंगांनी जुलै २००५ मध्ये जाहीर केला, पण कायदा बदलायला डिसेंबर २००६ उजाडला आणि अंतिम मंजुरी ऑक्टोबर २००८ मध्ये. तीन वर्षं काँग्रेसशी झटापट चालली होती, आपल्याकडे डाव्यांची नाटकं लक्षात राहिली, तिकडचं कोणाच्या लक्षात नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल मग प्रेसिडेंट कोण आहे याने फरकच पडत नाही का. पडतो, भरपूर पडतो, फक्त तो कुठे पडतो हे दाखवता आलं पाहिजे. इराण घ्या. तिथला पंतप्रधान मोसद्देग याने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, त्याला उलथायची ब्रिटिशांची योजना होती, ट्रुमनचं सरकार त्यात सामील व्हायला तयार नव्हतं. जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर आला, ऑगस्टमध्ये मोसद्देग घरी. देश तोच, माणूस तोच, सीआयए तीच, बदललं ते व्हाईट हाऊस. अशी जोडी सापडली की प्रेसिडेंटचा परिणाम मोजता येतो. आणि याच्या उलट व्हिएतनाम, आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन, निक्सन, दोन पक्षांचे चार वेगवेगळ्या स्वभावाचे लोक, आणि सगळेच त्यात अडकत किंवा अडकून राहत गेले. तिथे नुसता स्वभाव सांगून भागत नाही.

करारांच्या बाबतीत एक गोष्ट पोरांनी जरूर बघावी, की सिनेटकडे गेला होता का. पॅरिस हवामान करारात ओबामाने आपल्या सहीने २०१६ मध्ये देशाला घातलं, ट्रम्पने काढलं, बायडेनने पहिल्याच दिवशी परत घातलं, ट्रम्पने २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी परत काढायची ऑर्डर दिली. २०१५ चा इराण अणुकरार तसाच, २०१८ च्या मे मध्ये ट्रम्पने अमेरिकेला त्यातून बाहेर काढलं. उलट कार्टरने पनामा कालव्याचे दोन तह सिनेटमधून काढले, ६८ विरुद्ध ३२, लागत होती ६७, एकेक सिनेटरच्या विनवण्या केल्या, काहींची त्यात सीट गेली. पण रेगन त्या तहांविरुद्ध बोंब मारत निवडून आला तरी त्याने ते मोडले नाहीत आणि ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाकडे गेला. आता याचा अर्थ सिनेटने पास केलं की दगडावरची रेघ असाही नाही, तैवानबरोबरचा संरक्षण तह कार्टरने स्वतःच संपवला आणि सुप्रीम कोर्टाने त्यात निर्णय द्यायचं टाळलं.

शेवटचा मुद्दा पुराव्याचा. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून १९६२ मध्ये केनेडी ठाम उभा राहिला आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह मागे हटला, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. त्या बदल्यात तुर्कस्तानातली अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं गुपचूप कबूल केलं होतं हे तेव्हा लपवलं होतं. म्हणजे सौदा झाला होता, पण गोष्ट शौर्याची सांगितली. म्हणून प्रेसिडेंटच्या आणि त्याच्या माणसांच्या आठवणी वाचायच्या, पण एका डोळ्याने.

आणि दुसरा डोळा कागदपत्रांवर ठेवायचा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं १८६१ पासून आपली जुनी कागदपत्रं पुस्तकरूपात छापतं, आता ती सगळी नेटवर फुकट आहेत. आपल्या पोरांनी १९७१ च्या दक्षिण आशिया संकटाचा खंड आधी उघडावा. ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीचा आर्चर ब्लड, पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीवर गप्प बसण्याच्या आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध तार पाठवतो, परराष्ट्र खात्यातले लोक कुरकुरतात, काँग्रेसमध्ये ओरड चालू आहे, आणि निक्सन नि त्याचा सल्लागार किसिंजर मात्र पाकिस्तानच्या याह्याखानला दुखवायचं नाही म्हणून बसलेत कारण त्याच्यामार्फत चीनचं दार उघडत होतं. अडवणारे सगळे हजर होते आणि कोणीच अडवू शकलं नाही. का नाही, हे मास्तरांनी फळ्यावर लिहून देऊ नये. इंग्रजी सरकारी आहे पण अवघड नाही, मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते समोर आहे, पोरांनी ते वाचावं आणि मग किसिंजरने नंतर काय लिहिलंय त्याच्याशी ताडून बघावं.

आपला,
एक नियमित वाचक