मुलांच्या हाती वही आणि किल्ली द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मुलांना शाळेत पैशाचे व्यवहार शिकवा अशी मागणी झाली की पहिला प्रस्ताव पाठ्यपुस्तकाचा येतो. दोन धडे वाढवायचे, शेवटी स्वाध्याय द्यायचा आणि परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न घालायचा. तसे करू नये, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. त्याऐवजी प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका द्याव्यात आणि त्या वेळात मुलांनी स्वतः चालवलेले बचत मंडळ असावे. सोबत माणसांशी वागण्याचे, हक्कांचे आणि जबाबदारीचे शिक्षण त्याच तासात व्हावे. ते मूल्यशिक्षणाच्या तासाकडे ढकलू नये.

पुस्तकी पद्धतीचे फळ काय मिळते ते तपासले गेले आहे. आधीच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. माणसांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का आर्थिक शिक्षणामुळे आहे, असे त्यात आढळले. शिकवून वीस महिने उलटले की तासन्‌तास दिलेल्या शिक्षणाचाही वागण्यावरचा परिणाम नगण्य उरत होता. पुढे २०२२ मध्ये ७६ यादृच्छिक प्रयोगांचा (म्हणजे कोणाला शिकवायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेल्या प्रयोगांचा) आढावा आला आणि त्याने चित्र बरेच आशादायक दाखवले. म्हणून शिकवूच नये असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. पण एका इयत्तेत एकदा शिकवून विषय संपवता येणार नाही, तो दर वर्षी आणि खऱ्या व्यवहाराला जोडूनच घ्यावा लागेल, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

सामाजिक भाग वगळला तर काय होते, याचा इशारा घानातून मिळतो. तिथल्या १३५ शाळांत दोन कार्यक्रमांची तुलना झाली. एकात फक्त बचत आणि पैसा होता. दुसरा होता ‘अफलातून’. मुंबईतल्या ‘मेलजोल’ संस्थेच्या कामातून उभा राहिलेला, पैशासोबत मुलांचे हक्क आणि स्वतःची ओळख शिकवणारा. शाळेतली बचत दोन्हीकडे वाढली, पण ती मुख्यतः मुलांनी घरची बचत शाळेत आणल्यामुळे. मात्र फक्त पैसा शिकवलेल्या शाळांतली मुले अधिक काम करू लागली. ‘अफलातून’च्या शाळांत तशी वाढ दिसली नाही. या दोन कार्यक्रमांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम नव्हता, हेही सांगायला हवे. तरीही धोका ओळखता येतो. पैसे साठवणे म्हणजेच शहाणपण, असे मुलाला वारंवार सांगितले तर ते पैसे मिळवण्याची वाट शोधते, आणि ती वाट शाळेबाहेर जाते.

आता प्रत्यक्ष तासाबद्दल. एका तासिकेत हे बसत नाही. गट करण्यात आणि साहित्य वाटण्यात दहा मिनिटे जातात, कृतीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि मग चर्चेआधीच घंटा होते. शिकणे चर्चेत घडते. कृती तिला विषय पुरवते. काय झाले, तसे का झाले, हे आणखी कुठे दिसते आणि पुढच्या वेळी काय वेगळे करू, या चार प्रश्नांना किमान वीस मिनिटे राखून ठेवावी लागतात. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-पाच जणांचे आठ गट करावेत. दहाचा गट केला की दोघे काम करतात आणि आठ बघतात. वर्गात आवाज होणारच. मुख्याध्यापकांना आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना हे आधी सांगितले नाही, तर पहिल्याच महिन्यात शिक्षक मुलांना पुन्हा रांगेत बसवतात.

वस्तूंच्या चित्रांच्या पट्ट्या ‘गरज’ आणि ‘इच्छा’ अशा दोन भागांत लावण्याचा खेळ सगळीकडे घेतला जातो आणि बहुतेक ठिकाणी फसतो, कारण उत्तर शिक्षकच देऊन मोकळे होतात. पट्टी एकच ठेवावी आणि कुटुंबे बदलावीत. फोनची पट्टी रोज काम शोधणाऱ्या माणसाच्या घरात कुठे जाईल, आजारी आजी एकटी राहते त्या घरात कुठे, शाळेशेजारी राहणाऱ्या मुलाच्या हातात कुठे? गटात मतभेद झाले तर खेळ नीट चालला आहे. एकमत होईपर्यंत थांबू नये, प्रत्येक गटाने आपले कारण सांगावे.

बचत मंडळाची रचना मात्र काटेकोर हवी, कारण इथे खरा पैसा आहे. एक पेटी, तिला दोन वेगवेगळी कुलपे, एक किल्ली मुलांच्या खजिनदाराकडे आणि दुसरी शिक्षकाकडे. प्रत्येक मुलाचे पासबुक आणि मंडळाची एक किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. पैसे घेताना तिघे बसतात: एक मोजतो, दुसरा लिहितो, तिसरा दोन्ही वह्या ताडून सही करतो. रक्कम मोठ्याने वाचायची नाही. ज्याची त्याला दाखवायची. दर आठवड्याला पेटीतली रोकड आणि किर्दीतली शिल्लक जुळवायची. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम झाली की त्याच दिवशी ती बँकेतल्या खात्यात जमा व्हावी. हे तिघे दर सत्राला बदलावेत, नाहीतर गणितात हुशार असलेली तीच मुले वर्षभर खजिनदार राहतात आणि बाकीच्यांना वही कशी लिहायची ते कळतच नाही.

ताळा कधीतरी चुकतो. बहुतेक वेळा पासबुकात नोंद झालेली असते आणि किर्दीत राहून गेलेली असते. फरक वेगळ्या रकान्यात लिहावा, मागच्या आठवड्यापर्यंतच्या नोंदी तपासाव्यात आणि चूक सापडली की लाल शाईने दुरुस्त करावी, खाडाखोड नको. फरक भरून काढण्यासाठी मुलाकडून पैसे घेऊ नयेत आणि चोर शोधण्याचा कार्यक्रम तर मुळीच करू नये. त्याने मंडळ त्याच दिवशी संपते. छोट्या तुटीची तरतूद शाळेने आधीच करून ठेवावी.

कोणी किती साठवले याचा तक्ता भिंतीवर लावण्यास आपल्या आदेशानेच मनाई असावी. तो तक्ता प्रत्यक्षात पालकांच्या मिळकतीचा असतो. ज्या मुलाला पैसे आणता येत नाहीत त्याला मंडळात पूर्ण मत हवे. वाचवलेला कागद, पाणी, वेळ यांचीही नोंद ठेवता येते आणि त्यावरून नियोजन तितकेच चांगले शिकता येते. मुलांनी एकमेकांना व्याजाने पैसे देऊ नयेत. आणि मुलाने स्वतःचे पैसे मागितले तर ते त्याच आठवड्यात मिळावेत. युगांडातल्या १३६ प्राथमिक शाळांच्या अभ्यासात बचत केवळ शैक्षणिक खर्चासाठी बांधून ठेवली तेव्हा मुलांनी कमी साठवले. रोख परत मिळत होती तिथे त्यांनी जास्त साठवले, आणि जिथे त्यासोबत पालकांशीही संवाद साधला गेला तिथे शालेय साहित्यावरचा खर्च आणि परीक्षेतले गुणही वाढले. म्हणून सत्राच्या सुरुवातीची पालकसभा या कार्यक्रमाचा भाग मानावी आणि त्यात स्पष्ट सांगावे की मुलाला पैसे द्यावेतच, असा कोणताही आग्रह नाही.

मोठ्या वर्गांसाठी कर्जाचा विषय टाळू नये. ब्राझीलमध्ये ८९२ शाळांत झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे ज्ञान आणि बचत वाढली, पण त्याच विद्यार्थ्यांनी वस्तू घेण्यासाठी महागडे कर्जही अधिक वापरले. हप्त्यांचे खरे मोल बारा सोंगट्यांनी दाखवता येते. वस्तू १,२०० ची, हप्ता १२० चा, महिने बारा. एकूण १,४४०, म्हणजे २४० जास्त. मुले लगेच म्हणतात, व्याज वीस टक्के. मग प्रत्येकी १०० ची सोंगटी धरून बारा सोंगट्या मांडायच्या आणि दर महिन्याला एक उचलायची. पहिल्या महिन्यात बारा, मग अकरा, शेवटी एक. बेरीज ७८, सरासरी साडेसहा. म्हणजे वर्षभर सरासरी ६५० च वापरायला मिळाले आणि त्यावर २४० दिले: ढोबळमानाने ३७ टक्के. हा हिशेब सोंगट्या उचलताना कळतो. फळ्यावर सूत्र लिहून दिले की पाठ होतो आणि विसरतो.

शाळेतल्या बाजाराबद्दलही थोडे. पालक वस्तू करून देतात, पालकच विकत घेतात, मुले मध्ये उभी राहतात. यातून उद्योग शिकता येत नाही. खर्चपत्रक विक्रीआधी मुलांनीच लिहावे, त्यात स्वतःच्या श्रमाचे तास धरावेत, आणि नफ्याचे काय करायचे ते विक्रीआधीच बैठकीत ठरवावे. पैसे हाती आल्यावर ठरवायला गेले की मोठ्या आवाजाची मुले जिंकतात.

मूल्यमापन लेखी परीक्षेने करू नये. चुकीची बेरीज असलेली पावती हातात द्यावी आणि चूक शोधायला सांगावे. ठरलेल्या रकमेत गटाने सहलीचे अंदाजपत्रक करावे आणि ऐनवेळी त्यातली पाचव्या हिश्शाची रक्कम कमी करावी. काय वगळायचे हे गट कसे ठरवतो, गप्प बसणाऱ्या मुलाला कोणी विचारते का, याची शिक्षकाने नोंद करावी. गुण देऊ नयेत.

शिक्षकांचे प्रशिक्षण एका सभागृहात भाषणे ऐकवून होणार नाही. तीन दिवस त्यांनी हेच खेळ विद्यार्थी म्हणून खेळावेत, स्वतः किर्द लिहावी, ताळा जुळवावा आणि सहकाऱ्यांसमोर एक चर्चा चालवावी. नंतर पहिल्या सत्रात प्रत्येकाच्या वर्गाला मार्गदर्शकाने दोनदा भेट द्यावी. निधी कमी असेल तर शाळांची संख्या कमी करा, पण या भेटी कापू नका.

शेवटची मागणी वेळापत्रकाची आहे. या दोन तासिका वाढीव म्हणून जाहीर झाल्या तर परीक्षा जवळ येताच त्या गणिताला जातील. गणितातील व्यवहारी हिशेब आणि नागरिकशास्त्रातील हक्क-कर्तव्ये हे घटक या तासांतच पूर्ण होतील, असे अभ्यासक्रमात लिहून द्या आणि त्या धड्यांच्या तासिका इकडे वळवा. आदेश शाळा सुरू होण्याच्या दोन महिने आधी निघावा, म्हणजे वेळापत्रक बसवण्यापूर्वी तो मुख्याध्यापकांच्या हाती पडेल.

आपले विश्वासू,
कृतियुक्त शिक्षणात काम करणारे शिक्षक आणि प्रशिक्षक