चीनच्या रेल्वेमंत्र्याला शिक्षा झाली, पण कधी? : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय रेल्वेमंत्री, नवी दिल्ली.

सादर नमस्कार.

मुंबई-अहमदाबाद हायस्पीड, म्हणजे बुलेट ट्रेनचा मार्ग आमच्या पालघर जिल्ह्यातून जातो. विरार आणि बोईसरला त्याची स्थानके होणार आहेत. ही गाडी धावावी असे मनापासून वाटते, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. या मार्गाचा विषय निघाला की लोकलच्या डब्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, चीनने बघा कसे झटपट करून दाखवले. दुसरे, तिथे भ्रष्टाचार केला की मंत्र्यालाही फाशी देतात. दोन्ही वाक्ये ज्या एका माणसाला लागू होतात, त्याची हकीकत आपल्यापुढे ठेवायची आहे.

लिऊ झिजुन यांचा जन्म 1953 मध्ये हुबेई प्रांतात, शेतकरी घरात झाला. 1972 मध्ये ते रेल्वेत लागले ते रुळांची देखभाल करणारे कामगार म्हणून. आपल्याकडचे गँगमन जे काम करतात तेच. तिथून पायरी पायरीने चढत 2003 मध्ये ते देशाचे रेल्वेमंत्री झाले. माणूस कामाचा होता, यात शंका नाही. त्यांच्या कारकिर्दीत 2008 मध्ये बीजिंग-तिआनजिन मार्गावर ताशी 350 किलोमीटर वेगाने गाडी धावली आणि 2010 संपता संपता हायस्पीडचे जाळे आठ हजार किलोमीटरच्या वर गेले. ‘झेप घेणारे लिऊ’ अशा अर्थाचे टोपणनावच त्यांना पडले होते.

आता दुसरी बाजू. 2013 मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले तेव्हा लाचेची रक्कम 6 कोटी 46 लाख युआन निघाली. बढत्या आणि कंत्राटे मिळवून देण्यासाठी त्यांनी 11 जणांकडून हे पैसे घेतले होते. मला मात्र त्या निकालातल्या रकमेपेक्षा कालावधी जास्त महत्त्वाचा वाटतो : 1986 ते 2011. म्हणजे मंत्री होण्याआधी सतरा वर्षे हा माणूस लाच खात होता आणि वर चढत होता. प्रत्येक बढतीच्या वेळी कुणीतरी त्याची फाइल पाहिली असेलच ना? 2006 मध्ये त्यांच्या सख्ख्या भावाला, वुहानच्या रेल्वे कारभारातल्या बड्या अधिकाऱ्याला, लाचखोरी आणि माणसे लावून हल्ला घडवून आणल्याबद्दल स्थगित मृत्युदंड झाला, म्हणजे पुढे सहसा जन्मठेपेत बदलणारी शिक्षा. त्या हल्ल्यात एकाचा जीव गेला होता. तरीही थोरले बंधू पुढची जवळजवळ पाच वर्षे मंत्रिपदावर होते.

हे कसे चालले, याचे उत्तर त्या खात्याच्या रचनेत आहे. चीनचे रेल्वे मंत्रालय स्वतः गाड्या चालवत होते, स्वतः मार्ग बांधत होते, सुरक्षेचे नियम स्वतःच करत होते आणि ते पाळले जातात की नाही हेही स्वतःच तपासत होते. त्याचे पोलीस वेगळे, न्यायालयेसुद्धा वेगळी. अशा खात्यात मंत्र्याच्या ओळखीलाच बाजारभाव येतो. शांशी प्रांतातल्या खेड्यात अंडी विकून धंद्याला सुरुवात केलेल्या डिंग शुमियाओ या बाई पुढे रेल्वे कंत्राटांच्या सर्वांत मोठ्या दलाल झाल्या. कंत्राट हवे असेल त्या कंपनीने त्यांना गाठायचे, त्यांनी लिऊंना सांगायचे. 2014 मध्ये त्यांना 20 वर्षांची कैद आणि अडीच अब्ज युआन दंड झाला.

फेब्रुवारी 2011 मध्ये लिऊंना हटवले गेले. पाच महिन्यांनी, 23 जुलैच्या रात्री, वेन्झौजवळ वीज पडून सिग्नलची यंत्रणा बिघडली. अशा वेळी सिग्नल लाल व्हायला हवा. तो हिरवा राहिला. उंच पुलावर रखडलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळली आणि चार डबे खाली कोसळले. 40 माणसे गेली. शोधकार्य संपल्याचे जाहीर झाल्यावर डबे हलवताना आत एक दोन वर्षांची मुलगी जिवंत सापडली. तोवर जेसीबी लावून इंजिनाकडचा डबा फोडून तिथेच मातीत गाडला गेला होता. पत्रकारांनी याबद्दल विचारले तेव्हा मंत्रालयाचे प्रवक्ते वांग योंगपिंग यांनी, खाली चिखल होता, बचावकार्य सोपे व्हावे म्हणून तसे केले, असे सांगितले आणि वर म्हणाले, “तुमचा विश्वास बसो न बसो, माझा तर बसला आहे.”

चीनमधली माणसे त्या एका वाक्याने पेटून उठली. वर्षअखेरीस आलेल्या सरकारी अहवालाने यंत्रणेच्या सदोष रचनेवर, नीट चाचणी न करता ती घाईने बसवल्यावर बोट ठेवले आणि जबाबदारांच्या यादीत लिऊंचे नाव घातले. त्यांना झालेला मृत्युदंड दोन वर्षांसाठी स्थगित होता. पुढे त्याची जन्मठेप झाली. फाशी वगैरे काही झाले नाही. तेव्हा ‘तिथे फाशी देतात’ असे कौतुकाने म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की शिक्षा आली ती सगळे घडून गेल्यावर. आणि तिचा धाकही बसला नाही. लिऊंच्या जागी आलेले, गाड्यांचा वेग ताशी 300 किलोमीटरपर्यंत खाली आणणारे शेंग गुआंगझू हेही 2022 मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीत सापडले.

मंत्रिमहोदय, आपल्यावर किंवा आपल्या खात्यावर कसलाही आरोप करण्यासाठी हे लिहीत नाही. आपली व्यवस्था चीनसारखी नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे संसद आहे, कॅग आहे, माहितीचा अधिकार आहे. नवे मार्ग तपासणारे आणि अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त आपल्या मंत्रालयाच्या हाताखाली न ठेवता नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे ठेवले, हा आपल्या जुन्या जाणत्यांचा मोठा शहाणपणा. पण त्या आयुक्तांचे अहवाल लोकांना सहज वाचायला मिळत नाहीत. 2 जून 2023 रोजी ओडिशातल्या बालासोरलाही कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल हिरवाच मिळाला होता, आणि गाडी शिरली लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गाशेजारच्या रुळावर. 290 हून अधिक माणसे गेली. सिग्नलच्या सर्किटमध्ये बदल करताना चूक झाली, एवढे राज्यसभेतल्या लेखी उत्तरातून कळले. ती चूक कुणाच्या तपासणीतून कशी निसटली, हे प्रवाशाला पूर्ण अहवाल वाचून कळायला हवे. 2022 च्या कॅग अहवालाने रूळ तपासणीतली तूट दाखवली होती. ती किती भरून निघाली, हेही जाहीर करा.

मागणी साधी आहे. अपघातानंतरचा आयुक्तांचा अहवाल ठरावीक मुदतीत संपूर्ण प्रसिद्ध व्हावा. पोलीस तपास चालू असेल तर नावे झाका, तांत्रिक भाग झाकू नका. हायस्पीड मार्ग सुरू करण्यापूर्वी कायद्याने आयुक्तांची तपासणी होईलच. तो अहवाल, त्यांनी घातलेल्या अटी आणि त्यांची पूर्तता, सगळे मराठीत आणि गुजरातीत पहिल्या गाडीच्या आधी लोकांपुढे ठेवा. सिग्नल यंत्रणेच्या चाचण्यांत काय बिघडले आणि कसे दुरुस्त केले, तेही त्यात असू द्या. उद्घाटनाची तारीख आणि आयुक्तांची अट यांत कधी ओढाताण झालीच, तर तारीख पुढे ढकला. आम्ही वाट पाहू. विरार-डहाणू पट्ट्यातल्या माणसाला गाडीची वाट पाहायची सवय आहे.

आपल्या लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

कळावे,
बोईसरहून एक रेल्वेप्रवासी