बर्गनहून, ओल्या मोज्यांनिशी

ती. आई-बाबांना सा. न.

काल फोन लागला नाही. जहाज भर समुद्रात होतं, काळजीचं काही नाही. आई, तू जागी राहिली असशीलच.

आजचा दिवस बर्गनला गेला. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंदर. भोवती सात डोंगर, त्यामुळे समुद्रावरून आलेले ढग इथेच अडतात आणि रिकामे होतात. वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस! उतरताना होता, परतताना होता, मधे जरा दम खाल्ला इतकंच. तू बॅगेत कोंबलेली छत्री पहिल्याच वळणावर उलटी झाली.

बाबा, खरं सांगू? दिवसभर मी हे शहर तुमच्या गुडघ्यांनी मोजत होते. धक्क्यापासून ब्रिगेनपर्यंत किल्ल्याच्या कडेने पंधरा मिनिटं, रस्ता सपाट. म्हणजे जमेल. ब्रिगेन म्हणजे पाण्याकाठची लाकडी घरांची रांग, लाल, पिवळी, पांढरी. १४व्या शतकापासून जवळजवळ ४०० वर्षं इथे जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. उत्तरेकडून वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. १७०२ साली सगळं जळलं आणि जुन्याच आखणीवर पुन्हा उभं केलं. १९७९पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे.

समोरून फोटो काढून लोक पुढे जातात. खरी मजा आतल्या बोळांत. दोन्ही बाजूंच्या भिंती कललेल्या, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, खाली फळ्यांची जमीन. ओल्या लाकडाला डांबरासारखा वास. एका फळीवर पाय ठेवला की तिचं दुसरं टोक किंचित उचलतं. इथे तुम्हाला काठी लागेल, आणि ती तुम्ही घेणार नाही, हेही ठाऊक आहे.

आगीच्या भीतीने या घरांत चूल, शेकोटी, काहीच पेटवायचं नाही असा नियम होता. स्वयंपाक आणि ऊब मागच्या वेगळ्या इमारतीत. शिकाऊ पोरं मात्र इकडे गारठ्यातच झोपायची. ते वाचल्यावर माझ्या ओल्या मोज्यांबद्दल तक्रार करायची सोय राहिली नाही.

मासळीबाजारात पाच मिनिटं डोकावले. पर्यटकांसाठीच मांडल्यासारखा वाटला. मग १९१८पासून चालणाऱ्या डोंगरी रेल्वेने फ्लोयेनवर, ३२० मीटर. वर नुसतं धुकं. अचानक ते फाटलं आणि खाली आमचं जहाज दिसलं, ब्रिगेनच्या अख्ख्या रांगेहून मोठं. आपण एवढे सगळे एकदम या चिमुकल्या बोळांत घुसतो, याची जरा लाजच वाटली.

सुटायच्या बऱ्याच आधी जहाजावर परतले. रात्रीचे साडेदहा होत आलेत आणि बाहेर अजून उजेड आहे.

बाबा, गुडघ्यांचे व्यायाम चुकवू नका. रेल्वेचा डबा पायऱ्या-पायऱ्यांचा आहे, पण बसायला जागा मिळते. आई, छत्री काही दुरुस्त होईलसं वाटत नाही.

तुमचीच