हरल्यावर पुढच्या रविवारी काय?

मा. संपादक,
स. न.

आपल्या क्रीडा पानावरची इंग्लंडच्या महिला एफए कप या फुटबॉल स्पर्धेची बातमी मुलीने मला मशीनवरून उठवून वाचून दाखवली. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात ब्लाऊज शिवते. मुलगी शाळेच्या फुटबॉल संघात बॅक खेळते. त्यांच्या टी-शर्टांवरचे आकडे मीच लावलेत, उरलेल्या अस्तराच्या कापडाचे. आठ नंबर जरा तिरपा बसलाय.

गेल्या वर्षी जिल्हा स्पर्धेसाठी जळगावला गेलो. पहाटेची एसटी, तेरा पोरी, सर आणि सोबतीला मी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. बरोबरी झाली, पेनल्टीवर हरलो. सामने बाद पद्धतीचे, त्यामुळे दशम्यांचं फडकं सुटायच्या आत आमची स्पर्धा आटोपली. गोलकीपर पोरगी बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "इतलासाठे उनूत का आपन?" म्हणजे, एवढ्यासाठीच आलो का आपण? त्यानंतर वर्षभरात त्या पोरींना एक सामना मिळालेला नाही. रोज संध्याकाळी आपसात खेळतात, तेवढंच.

इंग्लंडचा तो कपही बाद पद्धतीचाच. तिथेही बायकांना कुणी हौसेने मैदान दिलं नव्हतं. १९२१ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली, ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं राहिली. पहिला कप १९७१ मध्ये साउदॅम्प्टनच्या बायकांनी स्कॉटलंडच्या संघाला ४-१ हरवून जिंकला. आणि २०२३ च्या फायनलला वेम्बलीवर ७७,३९० माणसं! आमच्याकडे एवढी माणसं सखाराम महाराजांच्या यात्रेतल्या रथालाच बघावीत. पण मला त्या गर्दीपेक्षा वेगळीच गोष्ट पटली. कपातून बाहेर पडलेला संघ तिथे घरी बसत नाही, त्याचे लीगचे, म्हणजे साखळी सामने चालूच असतात.

बाद स्पर्धा खुशाल ठेवा, तिची चुरस वेगळीच. पण जोडीला आसपासच्या पाच-सहा शाळांच्या मुलींचे साखळी सामने घ्या. दरवेळी जळगावच कशाला, अमळनेर, पारोळा, चोपडा असे आळीपाळीने होऊ द्या. फक्त कापूस वेचणीच्या दिवसांत नकोत, तेव्हा निम्म्या पोरी शेतात असतात. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, दशम्या मी बांधीन. मैदान आणि पंच मात्र आमच्या हातात नाहीत.

— एक पालक, ता. अमळनेर, जि. जळगाव