सुट्टीत येत नाहीये

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

या सुट्टीत मी येत नाहीये. तिकीट रद्द केलं. आधी रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

विद्यार्थ्यांच्या प्रयोगातला क्लिनोस्टॅट ५ दिवस अखंड फिरायला हवा. अवकाशात मुळांना 'खाली' कळत नाही, ते इथे जमिनीवर पाहायचं हे यंत्र. मुळाच्या टोकात स्टार्चचे जड कण असतात; ते बसतात ती बाजू खालची. रुजत्या बियांची उभी बशी त्यावर मिनिटाला २ फेरे घेत राहिली की त्यांना बसायला उसंत मिळत नाही. वजन काही जात नाही, दिशा तेवढी हरवते. पण मोटर अर्धा तास जरी अडली तरी मूळ तेवढ्यात दिशा टिपतं आणि मोटर पुन्हा फिरू लागल्यावरही वळतं. मुलांना वाटणार, फिरवूनही वाकलं! म्हणून रात्री कुणीतरी जवळ हवं. जेवण वेळेवर होतं, गादीवर झोपते. खरंच.

आई, पार्सलमध्ये बशी, फिल्टर पेपर आणि मोहरीचे १२ दाणे आहेत. पाणी ५ मिली, म्हणजे औषधाचा एक चमचा. मायेचा दुसरा नको. कागद थबथबला तर दाणे गुदमरतात. अवकाश स्थानकातही हीच रड: पाणी निथळत नाही, मुळांना लपेटून बसतं. मोहरी भिजली की बुळबुळीत होऊन कागदाला चिकटते. तासाभराने झाकण लावून बशी काठावर उभी कर, खोक्यात, अंधारात. उजेड शिरला तर कोंब उजेडामागे जातील. तिसऱ्या रात्री बशी पाव फेरा वळव. सकाळी मुळांची टोकं पुन्हा खाली वळलेली दिसतील.

बाबा, इस्रोच्या चवळीचं कात्रण तुम्ही जपलंय ना? ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० रॉकेटमधून अवकाशात गेलेल्या ८ बिया ४ दिवसांत उगवल्या. तेव्हा दुसऱ्याच दिवशी खोकं उघडून बघायचं नाही. खोकं टेबलावर ठेवा, खाली वाकायचं नाही. आधी गोळी, मग बशी.

तुमच्याकडचं तापमान वेगळं, त्यामुळे तुमची बशी मुलांच्या निकालात धरता येणार नाही. ती माझ्यासाठी. तिसऱ्या रात्रीपासून रोज एक फोटो पाठवा. आणि कागदावर वरच्या बाजूला बाण काढायला विसरू नका, पेन्सिलीनेच, शाई पसरते.

तुमची,
चिमी