केर्नगॉर्मला जाण्यापूर्वी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

येत्या शनिवारी तू स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म डोंगरांच्या बर्फात पहिल्यांदाच चढाईला जाणार, हे कळल्यापासून माझे मन तिथेच लागले आहे. सह्याद्रीच्या कातळावर तू सहज वावरतेस. पण तिथली थंडी ओली असते, तापमान शून्याच्या आसपास घुटमळते, त्यामुळे कपडे आधी भिजतात आणि मग वाऱ्याने गोठतात. म्हणून अंगालगत सुती काहीही नको. महागडे जाकीट घेऊन आत रोजचीच सुती ब्रा घातली, तर ती घामाने ओली होऊन दिवसभर छाती गारठवते. तीही मेरिनो लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची घे.

चालताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घाल. खरा कस बिले देताना, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळताना लागतो, कारण तो वर चढत असताना तुला जागचे हलता येत नाही. त्या वेळी सगळ्यावरून चढेल असे सैल, जाड जाकीट सॅकमध्ये सर्वांत वर ठेव आणि हातमोजांचे तीन जोड घे.

आता जे सहसा कोणी मोकळेपणाने सांगत नाही ते सांगते. मनालीजवळच्या एका हिवाळी मोहिमेत मी एकटीच मुलगी होते आणि आडोसा कुठेच नव्हता, म्हणून सकाळपासून मी पाणीच प्यायले नाही. दुपारी कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवायला गेले, तर बोटे दिसत होती, पण माझी वाटत नव्हती. शेवटी दातांनी प्रयत्न केला आणि ओठ धातूला चिकटला. शरीरातले पाणी कमी झाले की हातापायांचा रक्तपुरवठा आधी आटतो, आणि बायकांचे हातपाय मुळातच लवकर गार पडतात. तेव्हा संकोचापायी तहान मारू नकोस. लघवीला बसताना कमरेचा पट्टा बांधलेला ठेवून मागचे पायपट्टे सोडता येतील असेच हार्नेस (दोर बांधायचा कमरपट्टा) घे आणि हातमोजे घालून घरीच चार वेळा सराव कर. पाणी वरून गोठते, म्हणून बाटली उलटी ठेव. पाळीचे सामान आतल्या खिशात असू दे. गारठलेल्या बोटांत रक्त परतताना जीवघेण्या कळा येतात, तेव्हा घाबरू नकोस.

माझी लोकरी टोपी पार्सलने पाठवली आहे. ती हेल्मेटखाली नीट बसते का, ते कळव.

तुझी,
आई