व्याजाचा दाखला जानेवारी ते डिसेंबर असाही मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यातल्या एका बँकेत मी अडीच तास बसून होतो. काम साधं होतं. माझ्या ठेवींवर २०२५ सालात किती व्याज झालं, तेवढं बँकेच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून हवं होतं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "चोवीस-पंचवीसचं की पंचवीस-सव्वीसचं?" म्हटलं, नुसतं पंचवीसचं. तो गोंधळला, मीही गोंधळलो. मग तो म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये एप्रिल टू मार्चच येतं."

हा कागद अमेरिकेतल्या आरोग्यविम्यासाठी हवा, हे सांगितल्यावर शेजारच्या खुर्चीतले एक गृहस्थ म्हणाले, "तिकडे तर म्हातारपणी सरकार सगळं बघतं ना?" हे वाक्य मी दर फेरीला ऐकतो. म्हणून हे पत्र. त्यात एक मागणीही आहे, पण आधी पार्श्वभूमी.

मी ओहायोत ३१ वर्षं नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझं वय ६३, पत्नीचं ६१. अमेरिकेत सरकारचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा आरोग्यविमा, सर्वसाधारणपणे ६५व्या वर्षी सुरू होतं. त्याआधी नोकरी सुटली की कंपनीचा विमाही सुटतो. तो काही महिने चालू ठेवता येतो, पण मग कंपनीचा वाटाही आपल्याच खिशातून जातो. राहिला तो 'ओबामाकेअर' म्हणून ओळखला जाणारा २०१०च्या कायद्यातला विमा. हा फुकट नसतो. खासगी कंपन्यांचाच असतो आणि वयाप्रमाणे महाग होत जातो. बहुतेक राज्यांत साठीच्या माणसाला विशीतल्या पोराच्या तिप्पटपर्यंत हप्ता लावायला मुभा आहे. आम्हा दोघांचा पूर्ण हप्ता महिन्याला २,२०० डॉलरच्या आसपास जातो. सरकार उत्पन्न बघून त्यातला काही भाग भरतं आणि उरलेला आपण भरायचा. आमच्या अंदाजी ५७,००० डॉलर उत्पन्नावर आमच्या वाट्याला महिन्याला सव्वाचारशे-साडेचारशे येतात. म्हणजे सगळी मदार त्या 'अंदाजी' शब्दावर.

अर्ज करताना पुढच्या वर्षी किती उत्पन्न होईल ते आज सांगायचं असतं. पगारदाराला हे सोपं. नुकत्याच निवृत्त झालेल्याचं मात्र अवघड होतं, कारण सरकारदरबारी नोंद असते ती जुन्या पगाराची. माझ्या आधीच्या विवरणपत्रात भरघोस पगार आणि अर्जात त्याच्या निम्म्याहून कमी रक्कम. संगणकाने लगेच बोट ठेवलं, ९० दिवसांत पुरावा द्या. आपल्याकडे पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. मला तिथे माझा पगार मेल्याचा दाखला द्यावा लागला.

अमेरिकेतले कागद एका संध्याकाळी गोळा झाले. कंपनीचं शेवटचा दिवस नमूद केलेलं पत्र, सोशल सिक्युरिटीचं (तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनाचं) दरमहा किती मिळणार याचं पत्र, आणि निवृत्तिनिधीतून यंदा किती काढणार याचा हिशेब. अडलं ते साताऱ्यात आणि कोथरूडमध्ये. अमेरिकेत राहणाऱ्या नागरिकाचं जगभरातलं उत्पन्न तिथे मोजलं जातं. आईच्या वेळेपासूनच्या ठेवींचं व्याज आणि कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, दोन्ही त्यात येतं. एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई इथे ठेवायच्या खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं, म्हणून आमच्यातले कित्येक जण ते धरतच नाहीत. तिथे ते करपात्र आहे आणि विम्याच्या उत्पन्नातही धरायचं असतं. सोशल सिक्युरिटीचंही असंच. तिच्यावर कर लागतो तो काही भागावर, पण विम्यासाठी मोजतात अख्खी रक्कम. याउलट मुदत संपून परत आलेली ठेवीची मुद्दल हे उत्पन्न नव्हे. रॉथ खात्यातून (आधीच कर भरलेल्या निवृत्तिनिधीतून) काढलेले पैसे एरवी धरत नाहीत. भावाने प्रेमाने दिलेले पैसेही धरत नाहीत, अर्थात दिले तर.

आता बँकेच्या कागदाकडे येतो. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपल्या बँका व्याजाचा दाखला देतात तो एप्रिल ते मार्च. एका अमेरिकी वर्षासाठी मला दोन भारतीय वर्षांचे दाखले लागतात आणि त्यातला दुसरा मार्चअखेर उलटल्याशिवाय निघत नाही. तिथल्या विवरणपत्राची मुदत १५ एप्रिल. मार्चअखेरच्या गर्दीतून बँक डोकं वर काढेपर्यंत आमची तारीख दारात उभी असते.

"स्टेटमेंट घ्या ना मग," असं सांगतात. दर तिमाहीला व्याज खात्यात जमा होत असेल तर स्टेटमेंट चालतं. पण माझ्या बहुतेक ठेवी पुनर्गुंतवणुकीच्या आहेत. त्यांचं व्याज मुदत संपेपर्यंत खात्यावर दिसतच नाही, ठेवीतच मुरत राहतं. अमेरिकेत मात्र ते दरवर्षी मोजावं लागतं. एनआरओ, म्हणजे इथल्याच कमाईच्या ठेवींवर कर कापला जातो, म्हणून त्यांचा फॉर्म १६ए (करकपातीचा दाखला) तरी तिमाहीगणिक निघतो आणि चार तिमाह्या जोडून वर्ष लावता येतं. एनआरईला करकपातच नाही, त्यामुळे तोही आधार नाही. शिवाय माझी एक जुनी ठेव अशा संस्थेत आहे जिची पावती मराठी आकड्यांत, निळ्या शाईत आणि गोल शिक्क्याखाली हाताने लिहिलेली असते. मला ती जगातली सर्वांत सुवाच्य पावती वाटते. ओहायोत तिचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागलं.

खरी गोम पुढे आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात २०१५मध्ये खात्यांची माहिती देण्याचा करार झाला. त्याप्रमाणे भारतातल्या वित्तसंस्था अमेरिकी करदात्यांच्या खात्यांची माहिती, वर्षभराच्या व्याजासह, फॉर्म ६१बीमधून आपल्या आयकर खात्याला कळवतात आणि तिथून ती अमेरिकेला जाते. ही माहिती कॅलेंडर वर्षाची असते, जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे माझं २०२५चं व्याज बँकेला ठाऊक आहे. अमेरिकेच्या सरकारला पाठवायला ते आहे. ज्याचं खातं त्याला द्यायला तेवढं 'सिस्टीममध्ये येत नाही'.

माझी मागणी एवढीच आहे. परदेशी करदाते असलेल्या खातेदारांना बँकांनी हा जानेवारी-डिसेंबरचा दाखला, पुनर्गुंतवणुकीच्या व्याजासह, इंग्रजीत, जानेवारी महिन्यातच द्यावा. यासाठी नवा कायदा नको, नवा फॉर्म नको. आकडा तयार आहे, तो नेट बँकिंगच्या पानावर एक बटण देऊन दाखवायचा आहे. महाराष्ट्रातून परदेशी गेलेली माझी पिढी आता निवृत्तीला आली आहे आणि आमच्यापैकी अनेकांच्या ठेवी, भाडी, वडिलोपार्जित वाटे अजून इकडेच आहेत.

वाट्यांवरून आठवलं. आमची वाई तालुक्यात थोडी जमीन आहे आणि धाकट्या भावाने गिऱ्हाईक आणलं आहे. माझ्या वाट्याला चाळीसेक लाख येतील. वडील गेले तेव्हाची किंमत वजा करून जो नफा उरेल तो माझ्या उत्पन्नात धरला जाईल. गेल्या वर्षी हे फार टोचलं नसतं. २०२१पासून २०२५च्या अखेरपर्यंत वाढीव सबसिडी होती, तेव्हा उत्पन्न कितीही वाढलं तरी ठरावीक योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जात नसे. ती मुदत संपली. तिच्यावरून गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथलं सरकार ४३ दिवस बंद होतं, तरी मुदत वाढली नाही. आता उत्पन्नमर्यादेचा जुना कडा परत आला आहे. दारिद्र्यरेषेच्या चौपट, म्हणजे दोघांच्या कुटुंबाला यंदा ८४,६०० डॉलर. त्याच्या आत असाल तर सबसिडी, एक डॉलर वर गेलात तर शून्य. वर्षभर घेतलेली सबसिडी मग कर भरताना परत करायची. आधी कड्याच्या आत राहणाऱ्यांना या परतफेडीवर मर्यादा तरी होती, २०२६पासून तीही काढली. अंदाज चुकला तर जितकी जास्त घेतली तितकी परत.

मी भावाला म्हटलं, मेडिकेअर लागेपर्यंत थांबू या, दोन वर्षं. वहिनीचं धरलं तर चार. तो म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक थांबतंय होय तुमच्या विम्यासाठी?" त्याचंही बरोबर आहे. आता व्यवहार दोन वर्षांत विभागता येईल का, हे दोन्हीकडच्या सनदी हिशेबनीसांना विचारतो आहे. इकडच्याचं म्हणणं तिकडच्याला समजावून देण्याचं काम अर्थातच माझं.

इथल्या नातेवाइकांनाही एक विनंती. 'नाव असू दे' म्हणून ठेवीत किंवा फ्लॅटमध्ये परदेशातल्या भावाचं किंवा मुलाचं नाव घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हेतू चांगलाच असतो. पण त्या नावामुळे तिकडे त्याला कागद दाखवावे लागतात, पैसे आपले नाहीत हे पटवावं लागतं आणि तो कागद मागायला परत तुमच्याच दारात यावं लागतं. घालण्यापूर्वी निदान फोन करा.

बँकेत शेवटी काय झालं, तेही सांगतो. दुपारच्या सुमारास आतल्या केबिनमधून एक तरुण अधिकारी बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं, चार तिमाह्यांचे आकडे स्क्रीनवरून उतरवून घेतले, बँकेच्या कागदावर टाइप केले, सही केली, शिक्का मारला. वेळ लागला वीस मिनिटं. "पुढच्या वर्षी मी इथे असेनच असं नाही, बदलीची ऑर्डर आलीय," असं मात्र त्यांनी निघताना सांगितलं.

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक
कोलंबस, ओहायो (मुक्काम सध्या सातारा)